मेलोड्रामाच्या बाजूने

जपानी बीएल मंगावर, म्हणजे पुरुषा-पुरुषांमधल्या प्रेमाच्या चित्रकथांवर, लिहिताना हल्ली एक प्रथाच पडून गेली आहे. १९७०च्या दशकातल्या लेखिकांपुढे आदराने मान लवायची, २०००नंतरच्या सुबक, हसऱ्या कथांचं कौतुक करायचं आणि मधली पंधराएक वर्षं दोन ओळींत उरकायची. ‘तो काळच तसा होता’ म्हटलं की काम झालं. या उरकण्याशी माझं जुनं भांडण आहे. त्याच मधल्या काळात मिनामी ओझाकीची ‘झेत्सुआय १९८९’ आली. तिच्यातलं जे आक्षेपार्ह आहे ते सगळं मान्य करून, त्यातलं काहीही झाकून न ठेवता, मी तिला या परंपरेतली मोठी कृती मानते.

आधीचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे असं धरून चालते. मारी मोरीच्या १९६१च्या कथेपासून सुरुवात करायची की थेट केइको ताकेमिया आणि मोतो हागिओपासून, हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाचं हे की या दोघींनी प्रेमकथेत जखम आणली. हागिओची ‘टोमासचं हृदय’ १९७४मध्ये ‘शोजो कॉमिक’ साप्ताहिकातून क्रमशः येऊ लागली, तेव्हा वाचकांच्या कौलात ती तळाला होती आणि संपादक ती गुंडाळायच्या बेतात होते. त्याच सुमारास हागिओच्या ‘पो घराण्या’च्या पहिल्या खंडाच्या तीस हजार प्रती तीन दिवसांत संपल्या आणि ‘टोमास’ वाचली. जर्मनीतल्या एका वसतिगृहाची ही गोष्ट. तिच्यातला युली आपल्यावर झालेला अत्याचार कुणालाही सांगू शकत नाही. सहवासाला, मायेला तो का भितो, हे हागिओ शेकडो पानं हळूहळू उलगडत नेते. अत्याचाराचं दृश्य तिला दाखवावं लागत नाही. त्याचे परिणाम मात्र ती एकही सोडत नाही.

ताकेमियाचा मार्ग अधिक धीट. ‘वारा आणि झाडांचं गाणं’ तिच्या डोक्यात १९७०च्या आसपास होतं, पण छापायला कुणी तयार नव्हतं. वाचकप्रियता कमावल्याशिवाय संपादक ऐकणार नाहीत हे ओळखून तिने आधी ‘फॅरोची कबर’ लिहिली आणि मग १९७६मध्ये आपल्या मनातली गोष्ट सुरू केली. ती १९८४पर्यंत चालली. आर्लजवळच्या शाळेतला जिल्बेर हा घरातल्याच माणसाने लहानपणापासून नासवलेला मुलगा. सेर्ज त्याच्यावर जीव तोडून प्रेम करतो, तरी त्याला वाचवू शकत नाही. पॅरिसमध्ये, गरिबीत आणि अफूच्या विळख्यात, गोष्ट संपते. मला या कृतीतली काही पानं आजही वाचवत नाहीत. मुलाच्या शोषणाचं चित्रण इतकं देखणं असू नये, असंच माझं मत आहे. पण शोषणाला ताकेमियाने कुठेही प्रेमाचा पुरावा म्हणून दाखवलेलं नाही.

१९७८मध्ये अशाच गोष्टींना वाहिलेलं ‘जून’ हे नियतकालिक निघालं. अझुसा नाकाजिमाने तिथे नवोदितांसाठी लेखनाची शाळाच चालवली. पुढे १९८०च्या दशकात कॉमिकेट या हौशी प्रकाशनांच्या बाजारात ‘कॅप्टन त्सुबासा’च्या दोजिंशींचे, म्हणजे चाहत्यांनी स्वतः काढलेल्या पुस्तिकांचे, ढीग लागू लागले. ओझाकी याच ढिगातून वर आली. ‘कॅप्टन त्सुबासा’ ही मुलग्यांसाठीची फुटबॉलकथा. त्यातल्या दोन खेळाडूंची जोडी जुळवून ती स्वतःच्या पुस्तिका काढायची. ‘झेत्सुआय’मधल्या नानजो कोजी आणि इझुमी ताकुतो यांचे चेहरे त्या पुस्तिकांवरून थेट उतरलेले आहेत. कुणी याला उसनवारी म्हणतात. मला त्यात एका तरुण मुलीचा हट्ट दिसतो. तिला हवी असलेली गोष्ट दुसरं कुणी लिहीत नव्हतं, म्हणून तिने ती लिहिली.

‘मार्गारेट’मधून १९८९ ते १९९१ या काळात आलेल्या या मालिकेचे पाच खंड झाले. पुढची ‘ब्राँझ’ मी त्याच गोष्टीचा भाग मानते. कोजी हा लोकप्रिय गायक. पावसात, नशेत, रस्त्यावर पडलेला असताना इझुमी त्याला उचलून घरी नेतो. इझुमी फुटबॉलमधला असामान्य खेळाडू, आणि त्याच्या बालपणावर आईच्या हातून झालेल्या वडिलांच्या खुनाची सावली. लहानपणी मैदानावर पाहिलेले एक जोडी डोळे कोजी वर्षानुवर्षं विसरू शकलेला नाही. ती मुलगी होती असं तो धरून चाललेला असतो. ते डोळे इझुमीचे होते हे कळतं, तिथून गोष्ट पेट घेते.

यातलं चित्रकाम नीट बघायला हवं. ओझाकीची माणसं लांबच लांब, खांदे अवास्तव रुंद, हनुवट्या टोकदार. शरीरशास्त्राच्या हिशेबाने सगळं चूक. पण भावना टोकाला गेली की ती पार्श्वभूमी पुसून टाकते. भिंत नाही, रस्ता नाही, चौकटींच्या रेषाही मोडलेल्या, आणि पानभर पसरलेल्या काळ्या केसांच्या मधोमध एक डोळा. मनातली वाक्यं फुग्याबाहेर, पानावर विखुरलेली. कोजीला इझुमीखेरीज जग दिसत नाही, म्हणून वाचकालाही जग दिसत नाही. वेडाचं इतकं प्रामाणिक चित्रण मी इतर फार थोड्या ठिकाणी पाहिलं आहे.

माझ्या पिढीतल्या जपानी शिकणाऱ्यांना पुण्यात ही पुस्तकं सहज मिळत नव्हती. जपानहून परतणारं कुणीतरी जुन्या पुस्तकांच्या दुकानातल्या शंभर येनच्या कप्प्यातून खंड आणायचं आणि ते हातोहात फिरायचे. कांजीशेजारी बारीक अक्षरात उच्चार छापलेले असल्यामुळे आमच्यासारख्या अर्धवट शिकलेल्यांनाही वाचता यायचं. पानांच्या कडेला कुणाकुणाचे पेन्सिलीतले अर्थ लिहिलेले असत. आमच्यापैकी काही जणी व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा कोजीकडून जास्त जपानी शिकल्या.

आता दुखऱ्या जागेकडे येते. कोजी इझुमीवर बळजबरी करतो. पाठलाग करतो, डांबू पाहतो, स्वतःला इजा करून त्याच्यावर ओझं टाकतो. आणि बळजबरीनंतर कथेची सहानुभूती ज्याच्यावर ती झाली त्याच्यापेक्षा ज्याने ती केली त्याच्याकडे अधिक झुकते. हा दोष आहे. काळाचा म्हणून तो माफ होत नाही, कारण त्या काळातही हे कळणारी माणसं होती. हागिओला ते पंधरा वर्षं आधी कळलं होतं. दुसरा दोषही तितकाच जुना. ‘मला पुरुष आवडत नाहीत, फक्त तू आवडतोस’ हे या प्रकारातलं पालुपद झालं आणि त्याने खऱ्या समलिंगी पुरुषांना त्यांच्याच गोष्टीतून बाहेर काढलं. १९९२मध्ये स्वतः समलिंगी असलेल्या मासाकी सातोने ‘श्वाझिर’ या स्त्रीवादी पत्रिकेत नेमका हा राग मांडला आणि काही वर्षं वाद पेटता राहिला. सातोची भाषा कडवट होती, पण मुद्दा खरा होता. ‘ही केवळ स्वप्नरंजनाची दुनिया आहे, इथे नीतीचे प्रश्न आणू नका’ असं म्हणून तो आजही उडवून लावणाऱ्या समीक्षकांशी माझं पटत नाही.

तरीही मी ‘झेत्सुआय’ सोडत नाही. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तली सिंधू आपण आजच्या नजरेने वाचतो. मरतानाही नवऱ्याला पाठीशी घालणारी तिची निष्ठा आपल्याला पटत नाही, ते आपण वर्गात शिकवतो, लिहितो. पण नाटक टाकून देत नाही, कारण दारू घराची कशी राख करते हे गडकऱ्यांनी एकाही अंकात गोड केलेलं नाही. ओझाकीच्या बाबतीत माझं म्हणणं हेच आहे. इझुमीने प्रेमाला जीव घेताना पाहिलंय, म्हणून त्याला कोजीचं प्रेम मृत्यूसारखं वाटतं, आणि ओझाकी त्या भीतीला कधी खोटं ठरवत नाही. ‘ब्राँझ’मध्ये कोजी एक हात गमावतो. या गोष्टीत कुणी फुकट सुटत नाही.

नव्वदच्या दशकातल्या बाकीच्या पिकाबद्दल थोडक्यात. १९९३मध्ये ‘बी-बॉय’ मासिक आलं, त्याच्यामागून अनेक आली आणि आक्रमक-सोशिक जोडीचा साचा पक्का झाला. त्यातल्या बहुतेक मालिका मी वाचल्या आणि विसरले. विसरता न येणाऱ्या दोन, त्याही बीएलच्या सीमेवरच्या. एक अकिमी योशिदाची ‘बनाना फिश’, १९८५ ते १९९४. बालपणी झालेलं शोषण माणसाला आयुष्यभर कसं पोखरतं हे ॲश लिंक्सइतकं कुणी दाखवलेलं नाही. दुसरी मारिमो रागावाची ‘न्यू यॉर्क न्यू यॉर्क’. तिच्यात घरच्यांसमोर सत्य सांगण्याचा धसका आहे, समाजाचा तिरस्कार आहे, एड्सचं भय आहे. सातोच्या रागाला साहित्यातून दिलेलं उत्तर म्हणून मी ती वाचते.

आज काय दिसतं? फोनवर वरून खाली सरकणारी, रंगीत, गुळगुळीत गोष्ट. त्यातला पैसेवाला नायक अजूनही मनगट घट्ट धरतो, भिंतीशी अडवतो, ‘नाही’ला ‘हो’ समजतो. पण पुढच्याच प्रकरणात दोघं कॉफी पीत असतात. भीती नाही, जखम नाही, किंमत नाही. ओझाकीची बळजबरी वाचून आम्ही अस्वस्थ व्हायचो, रात्र-रात्र वाद घालायचो. आजची बळजबरी वाचून कुणी थांबतही नाही, आणि मला हे जास्त घातक वाटतं. फुमी योशिनागाची ‘काल काय खाल्लं?’ हा लखलखीत अपवाद. २००७पासून ती मध्यमवयीन वकील आणि केशकर्तनकाराच्या स्वयंपाकघरातून, भाजीच्या हिशेबातून, म्हाताऱ्या आईवडिलांच्या चिंतेतून प्रेम लिहिते आहे. पण तिची नक्कल करणं अवघड आहे, साच्याची सोपं.

पुण्या-मुंबईत दरवर्षी जपानीच्या परीक्षा देणारी शेकडो मुलं-मुली आहेत. त्यांच्यातल्या कुणीतरी इंग्रजीचा आधार न घेता ‘टोमासचं हृदय’ थेट जपानीतून मराठीत आणावं आणि त्यानंतर ‘झेत्सुआय’ला हात घालावा. तिला सविस्तर प्रस्तावना हवी, बळजबरीबद्दल स्पष्ट बोलणारी, आणि अनुवाद एकही पान न गाळता व्हावा. प्रकाशकांनी दार उघडलं तर या कामासाठी लागेल ती मदत करायला मी तयार आहे.