विद्युत्-ईल आणि घरातील मत्स्यपेटी

विद्युत्-ईल हा नावाने ईल असला आणि आपल्याकडील वामसारखा लांबट दिसत असला, तरी वामच्या कुळाशी त्याचे नाते नाही. दक्षिण अमेरिकेतील अॅमेझॉन व ओरिनोको या नद्यांच्या संथ, गढूळ पाण्यात तो राहतो. त्याच्या शरीराचा सुमारे चार पंचमांश भाग शेपटीनेच व्यापलेला असून विद्युत् निर्माण करणारी इंद्रिये त्या भागात असतात. एकेका विद्युत्पेशीचा दाब अगदी अल्प, जेमतेम 0.15 व्होल्ट, परंतु बॅटरीतील सेलप्रमाणे अशा हजारो पेशी एकीपुढे एक रचलेल्या असल्यामुळे एकूण दाब शेकडो व्होल्टपर्यंत जातो. 2019 साली शास्त्रज्ञांनी या माशाच्या तीन जाती निश्चित केल्या. त्यांपैकी एका जातीत 860 व्होल्ट इतका दाब मोजण्यात आला.

हा आकडा ऐकून घरातील 230 व्होल्टच्या विजेशी तुलना करण्याचा मोह होतो; पण ती तुलना फसवी आहे. माशाचा एक स्पंद सुमारे दोन सहस्रांश सेकंदच टिकतो. मात्र असे स्पंद एकामागून एक, अतिशय वेगाने येतात आणि स्नायू आखडून जातात. निरोगी माणूस केवळ या धक्क्याने सहसा मरत नाही. तोल जाऊन पडल्यामुळे किंवा पाण्यात बुडाल्यामुळे मात्र मरू शकतो. हृदय दुबळे असलेल्याला धोका अधिकच.

धक्का किती बसेल, हे माशाइतकेच हाताच्या जागेवरही अवलंबून असते, हे मायकेल फॅरडे याने 1838 साली लंडनमध्ये दाखवून दिले. त्याच्यापुढील मासा सुमारे एक मीटर लांबीचा होता. एकच हात पाण्यात घातला, तर धक्का बुडालेल्या भागापुरताच जाणवे व तो फारसा तीव्र नसे. दोन्ही हात माशाच्या एकाच भागापाशी धरले, तरी तसेच. परंतु एक हात डोक्यापाशी आणि दुसरा शेपटीपाशी ठेवताच धक्का दोन्ही बाहूंतून थेट छातीपर्यंत पोहोचे. म्हणजे असा मासा दोन्ही हातांनी उचलू पाहणारा मनुष्य नेमकी सर्वांत घातक स्थिती स्वतःहून स्वीकारतो.

दुसरा धडा अमेरिकेतील केनेथ कॅटानिया यांच्या प्रयोगशाळेतला. धातूची कड व दांडा असलेली जाळी पाण्यात घातली की मासा तिच्यापासून दूर न पळता उसळून वर येई व हनुवटी दांड्याला टेकवून धक्के देई. तो जसजसा पाण्याबाहेर येतो, तसतसा पाण्यात वाया जाणारा प्रवाह कमी होऊन स्पर्श केलेल्या वस्तूत अधिक शिरतो. 2017 साली कॅटानिया यांनी लहान माशाकडून आपल्या हातावर हे मोजून घेतले. प्रवाह 40 ते 50 मिलिअँपिअर भरला. तेव्हा धातूची जाळी वर्ज्य, हात पाण्यात घालणे वर्ज्य, आणि पेटी स्वच्छ करताना मासा मजबूत आडोशापलीकडे बंद असावा. विद्युत्-रोधक रबरी हातमोजे असले तरी जवळ दुसरा मनुष्य हवाच. पंपाची वीज आधी बंद करावी, हे तर कोणत्याही मत्स्यपेटीला लागू आहे.

झाकण भक्कम हवे, पण पाण्याला टेकलेले नको. हा मासा तोंडाने हवा घेतो. दर काही मिनिटांनी त्याला वर येता आले नाही, तर मासा असूनही तो गुदमरतो.

आता रायपूरच्या बूढापारा भागातील एखाद्या घराची कल्पना करावी. मे महिन्यात तेथे पारा 44 अंशांवर जातो, आणि या माशाला साधारण 24 ते 28 अंशांचे पाणी मानवते. बहुतेक पुस्तके पाणी उबदार ठेवण्याच्या सूचना देतात; येथे ते थंड ठेवण्याचीच चिंता. शिवाय विकत घेताना वीतभर असलेला मासा पुढे दोन मीटरपर्यंत वाढतो. दिवाणखान्यातील कोणतीही पेटी त्याला वळायलाही पुरत नाही. अशा वेळी जवळच्या बूढा तलावात त्याला सोडून मोकळे होण्याचा विचार कोणाच्याही मनात येईल. तो करू नये. त्याच अॅमेझॉनच्या खोऱ्यातील, शोभेसाठी पाळलेला चिलखती मांजरमासा 2020 साली वाराणसीजवळ गंगेत सापडला होता. मासा घेण्याआधीच, तो मोठा झाल्यावर कोणते सार्वजनिक मत्स्यालय त्याला स्वीकारील, हे लेखी विचारून घ्यावे. उत्तर नकारार्थी आले, तर पेटीत दुसरा मासा ठेवावा.