सायलेन्सर नंतर, हेल्मेट आधी : दुचाकीवर लांब जाणाऱ्या तरुणांसाठी

आपल्या वस्त्यांमधले तरुण आता दुचाकीवर लांब जाऊ लागले आहेत. कुणी माळशेज, वरंधचे घाट पालथे घालतो, तर कुणी पैसे साठवून थेट लडाख गाठतो. ही आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र तयारीचा हिशेब पाहिला की काळजी वाटते. सायलेन्सर, जादा दिवे, जॅकेट यांवर हजारो रुपये जातात आणि डोक्यावर रस्त्याकडेला घेतलेले स्वस्त टोपडे असते. ज्याच्या पगारावर घर चालते, त्याच्या डोक्याला मार बसला तर अख्ख्या घराची घडी विस्कटते. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांनाही हेल्मेट सक्तीचे आहे. उल्लंघनाला १,००० रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबनाची तरतूद आहे. १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटवर आयएसआय चिन्ह बंधनकारक झाले. पण चिन्हाचे खोटे स्टिकरही मिळते. चिन्हासोबतचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासून घ्यावा.

हेल्मेट वाचवते कसे?

बाहेरचे कवच आघात पसरवते आणि आतला थर्माकोलसारखा थर चेपून तो शोषून घेतो. हा थर एकदा चेपला की पुन्हा पूर्ववत होत नाही. त्यामुळे एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी निकामी समजावे. जुने, वापरलेले हेल्मेट विकत घेऊ नये, कारण त्याने काय सोसले ते आपल्याला माहीत नसते. पेट्रोल किंवा थिनरने ते पुसू नये. प्लास्टिकचे कवच त्याने कमजोर होते.

माप आणि प्रकार

भुवयांच्या थोडे वरून डोक्याचा घेर टेपने मोजावा. नवे हेल्मेट गालांना घट्ट लागले पाहिजे, पण कपाळावर एकाच जागी दुखता कामा नये. पट्टा बांधून मागून पुढे ओढून पाहावे. ते निघून आले तर मोठे आहे.

अर्धे हेल्मेट हनुवटी आणि जबडा उघडा ठेवते, म्हणून लांबच्या प्रवासाला पूर्ण चेहरा झाकणारेच घ्यावे. कच्च्या रस्त्यांसाठी पुढे चोच असलेली ‘अ‍ॅडव्हेंचर’ हेल्मेट मिळतात. चोच तिरप्या उन्हात आणि उडणाऱ्या चिखलात उपयोगी पडते, पण महामार्गावर वेगात वारा तिच्यात भरतो आणि मान आखडते. प्रवास बहुतेक डांबरी रस्त्याचा असेल तर चोच काढता येणारे किंवा साधे फुल फेस पुरेसे आहे.

डोळ्यांचे काय?

साठच्या वेगात डोळ्यात किडा गेला तर काही क्षण आपण आंधळेच असतो. साधा गॉगल बाजूने उघडा असतो आणि त्याची काच फुटली तर तीच डोळ्यात जाते. पॉलिकार्बोनेटची काच असलेले बंद हेल्मेट उत्तम. धुळीच्या वाटेवर स्पंजची कड असलेले, पट्ट्याने बसणारे गॉगल बरे पडतात, मात्र ते काच नसलेल्या किंवा काच वर करून चालवता येणाऱ्या हेल्मेटवरच नीट बसतात. चष्मा असणाऱ्यांनी चष्म्यावरून बसणारे गॉगल मागावेत आणि हेल्मेटही चष्म्यासह घालून पाहावे.

काळी काच फक्त दिवसा वापरावी. सूर्यास्तानंतर आणि बोगद्यात ती धोक्याची ठरते, म्हणून सोबत पारदर्शक काच ठेवावी. पावसात आणि थंडीत आतून वाफ धरते. त्यावर दुहेरी काचेची ‘पिनलॉक’ पट्टी चांगला उपाय आहे. लडाखसारख्या उंचीवर अतिनील किरणे तीव्र असतात आणि ताजा बर्फ ती परावर्तित करतो, त्यामुळे तिथे अतिनील संरक्षण असलेली काच हवीच. ओरखडे पडलेली काच रात्री समोरच्या दिव्याने चकाकते. ती लगेच बदलावी.

पैसे कमी असतील तर खर्चाचा क्रम ठरवावा : आधी मापाचे, आयएसआय हेल्मेट, मग सुटी पारदर्शक काच, मग हातमोजे. बाकी सजावट नंतर. आणि मागे बसणाऱ्या मित्राचे, बहिणीचे डोकेही आपल्याइतकेच मोलाचे आहे. हेल्मेट दोनच घ्यावीत.