दट्ट्यापुढचा थेंब

ओट्यावर वाटीभर पाण्यात कुंकू कालवलं आणि औषधाच्या दुकानातून आणलेल्या दोन सिरिंजांमध्ये ते ओढून घेतलं. एक नेहमीची २ मिलीची, सुई निघणारी. दुसरी मधुमेही वापरतात ती इन्सुलिनची. तिची सुई नळीतच पक्की. दोन्हींचे दट्टे पार टोकापर्यंत दाबले. पहिलीच्या निमुळत्या तोंडात आणि सुईच्या प्लास्टिकच्या बुडख्यात लाल पाणी तसंच राहिलं. दुसरीत ते शोधावं लागलं.

या उरल्यासुरल्या पोकळीला ‘डेड स्पेस’ म्हणतात. कोविडच्या काळात फायझरच्या कुपीतून पाचाऐवजी सहा डोस निघावेत म्हणून ती कमी असलेल्या सिरिंजा शोधल्या जात होत्या. तिथे वाया जात होती लस. नशेसाठी टोचून घेणाऱ्यांच्या सिरिंजेत त्या जागी अडकतं रक्त, कारण शीर सापडली का हे पाहायला दट्ट्या मागे ओढावाच लागतो. मग तीच सिरिंज शेजारच्याच्या हातात जाते.

जाण्याआधी ती बहुतेक वेळा पाण्याने धुतली जाते, आणि गफलत इथेच आहे. मोजमापांत सुई निघणाऱ्या सिरिंजेत सुमारे ८४ मायक्रोलिटर द्रव उरतो, म्हणजे दीड थेंबाहून जास्त. पक्क्या सुईच्या सिरिंजेत जेमतेम २. उरलेलं सगळं रक्तच आहे असं धरा आणि १ मिली पाण्याने एकदा धुवा. पहिलीत साडेसहा मायक्रोलिटर रक्त राहतं, दुसरीत एका मायक्रोलिटरचा अडीचशेवा भाग. दीड हजार पटींहून जास्त फरक, आणि धुणाऱ्याने मेहनत तेवढीच घेतलेली! विल्यम झूल हे अमेरिकी संशोधक १९९०च्या दशकापासून हेच सांगत आले. येल विद्यापीठातल्या प्रयोगात मोठ्या पोकळीच्या सिरिंजेत हेपॅटायटिस सीचा विषाणू ६३ दिवसांपर्यंत तग धरून होता.

नशा म्हटलं की मराठी वाचकाला अनिल अवचटांचं ‘गर्द’ आणि १९८६ साली पुण्यात सुरू झालेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आठवतं. पण ती गर्द, म्हणजे अशुद्ध हेरॉइन, मुख्यतः पन्नीवर तापवून ओढायची होती. सुईचा खरा तडाखा बसला मणिपूरला. म्यानमारच्या सीमेवरून आलेलं हेरॉइन तिथे शिरेत टोचलं जाई. १९९०च्या आसपास टोचून घेणाऱ्यांमधलं एचआयव्हीचं प्रमाण वर्षभराच्या आत शून्यावरून निम्म्याच्या घरात गेलं.

मग सगळ्यांना इन्सुलिनची सिरिंज का देऊ नये? तिची सुई खोलवरच्या शिरेपर्यंत पोचत नाही. दोन-तीन औषधं एकत्र टोचणाऱ्यांचं मिश्रण १ मिलीत मावत नाही. सुई तुंबली तर नुसती सुई बदलता येत नाही, सगळी सिरिंजच जाते. या तक्रारी व्यसनी माणसाचे बहाणे म्हणून उडवून लावणाऱ्यांनी वाटायला नेलेल्या सिरिंजांच्या पेट्या भरलेल्याच परत येतील. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली सुईवाटप कार्यक्रमांत कमी पोकळीच्या सिरिंजाही ठेवायला सांगितलं, तेही नव्या निर्जंतुक सुईच्या जोडीने. तिला पर्याय म्हणून नव्हे. पुरावा मुख्यतः प्रयोगशाळेतला आणि गणितातला आहे, हेही मान्य करायला हवं. आता सुई निघणारी, तरी दट्ट्याच्या टोकाला बारीक खिळा असलेली सिरिंज मिळते. तो खिळा पोकळीत शिरतो आणि तिथलं पाणी बाहेर ढकलतो.

ब्रिटनमध्ये निराळीच अडचण हेरली गेली: सिरिंज मुद्दाम दिली जात नाही, सारख्या दिसतात म्हणून अदलाबदल होते. तिथे दट्टे रंगीत केले. एका खोलीत चौघं असले तरी लाल कुणाचा, हिरवा कुणाचा, एवढं नशेतही कळतं.