आजीच्या सुपाचा पत्ता

आजी गेली की तिच्या हातची चव गेली, असं आपण म्हणतो. पण बरेचदा त्या चवीआधी तिचा शब्द गेलेला असतो. युरोपातल्या स्लोव्हेनिया या देशातल्या सुपांविषयी वाचताना मला हे फार जाणवलं.

इटली, ऑस्ट्रिया, हंगेरी आणि क्रोएशिया यांच्यामध्ये वसलेला हा जेमतेम वीस लाख वस्तीचा देश १९९१ साली युगोस्लाव्हियातून वेगळा झाला. त्याच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, इथली हजारो माणसं पोटासाठी अमेरिकेत गेली. क्लीव्हलंड शहरात त्यांची मोठी वस्ती झाली. समजा, तिथल्या एखाद्या नातवाला आजीचं सूप शोधायचं आहे. त्याला आठवतं ते एवढंच : सूप आंबट होतं आणि आजी त्याला ‘झुपा’ म्हणायची.

पुस्तकात त्याला ‘युहा’ सापडेल, कारण प्रमाण भाषेतला शब्द तो आहे. ‘झुपा’ हा जर्मनमधून आलेला घरगुती बोलीतला शब्द. गंमत म्हणजे ‘युहा’ हा आपल्या आयुर्वेदातल्या ‘यूष’ या शब्दाचा दूरचा भाऊबंद आहे. यूष म्हणजे आपलं कढण!

आता दुसरा धागा आंबटपणाचा. आंबवलेला कोबी, राजम्यासारखे दाणे आणि बटाटे असतील, तर ती ‘योता’. म्हणजे आजी पश्चिमेकडच्या प्रिमोर्स्का भागातली. आंबवलेला सलगम, डुकराचं मांस आणि वरीसारखं भरडधान्य असेल, तर हंगेरीलगतच्या प्रेकमुर्येची ‘बुयता रेपा’. आंबटपणा व्हिनेगरचा असेल, तर श्तायर्स्का भागातली ‘किसला झुपा’. जिभेची आठवण अशी गावाच्या वेशीपर्यंत नेऊन सोडते.

योता तर आमच्या घरीही शिजू शकेल, कारण ती मांसावाचून होते. दाणे आणि बटाटे शिजवून थोडे घोटायचे, तमालपत्र घालून कोबी वेगळा शिजवायचा, मग लसूण घालून सगळं एकत्र उकळायचं. दुसऱ्या दिवशी ऊन केली की ती जास्त चवदार लागते.

दोन महायुद्धांच्या दरम्यान प्रिमोर्स्का इटलीच्या ताब्यात होता. फॅसिस्ट राजवटीनं शाळांतून स्लोव्हेन भाषा हद्दपार केली, माणसांची आडनावंसुद्धा इटालियन करून टाकली. पण चुलीवरच्या पातेल्याचं नाव बदललं नाही. त्रिएस्ते शहरात इटालियन माणूसही आज योताच म्हणतो.

स्लोव्हेन भाषेतलं पहिलं पाकपुस्तक १७९९ साली जर्मनवरून भाषांतर करून छापलं, ते वालेंतीन वोदनिक यांनी. ते धर्मगुरू होते आणि कवीही. स्वयंपाकघरातले शब्द जपण्याचं काम एका कवीनं अंगावर घेतलं, याचं मला कवी म्हणून अप्रूप वाटतं.

तुमच्या घरी आजी असेल तर तिला मीठमसाल्याचं प्रमाण विचारू नका. ते तिच्या हाताला ठाऊक असतं, तिला सांगता येणार नाही. “आजी, तुझ्या माहेरी याला काय म्हणायचे?” एवढं विचारा. आणि ती उच्चारेल तसाच शब्द लिहून ठेवा.