दुखत नाही, मग तपासायचं कशाला?

अमडापूर असो की चिखली, गर्भाशयमुखाच्या म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. पण हा आजार सुरुवातीला दुखतच नाही. एचपीव्ही विषाणूचा संसर्ग वर्षानुवर्षं टिकून राहिला तर त्यातून तो होतो, आणि त्याला बहुधा पंधरा-वीस वर्षं लागतात. संबंधानंतर रक्त, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जाणं, घाण वासाचं पांढरं, हे दिसेपर्यंत रोग बरेचदा पुढे गेलेला असतो.

विषाणू संबंधांतून येतो म्हटलं की कुजबुज सुरू होते, चारित्र्यावर बोट जातं. हे निव्वळ अज्ञान. संसार करणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना हा संसर्ग कधी ना कधी होतो आणि बहुतेकांचा एक-दोन वर्षांत आपोआप जातोही. एकाच नवऱ्याशी संसार केलेल्या बाईलाही तो होऊ शकतो.

“असलं संशोधन परदेशातल्या बायकांवर होतं,” असंही ऐकू येतं. प्रत्यक्षात जगभर दाखला दिला जाणारा अभ्यास आपल्याच धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत झाला. १९९९ मध्ये टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या पथकांनी काम सुरू केलं. गावांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. काही गटांत एचपीव्ही चाचणी, काहींत पॅप स्मिअर, काहींत ॲसेटिक ॲसिडची तपासणी, आणि उरलेल्या गटांत काहीच नाही. २००९ मध्ये निकाल छापून आला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीच्या गटांत ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या गटांत ६४. दोन्हीकडे बायकांची संख्या साधारण सारखीच. त्या तपासणीविना राहिलेल्या बायकांवरून पुढे टीका झाली, आणि ती मला रास्त वाटते.

ॲसेटिक ॲसिडची तपासणी म्हणजे काय? योनीमार्गात छोटं उपकरण घालून पिशवीचं तोंड दिसेल असं करतात, कापसाच्या बोळ्याने पातळ ॲसिड लावतात आणि मिनिटभर थांबतात. संशयाची जागा पांढरी पडते. ना चिरफाड, ना भूल. धाराशिवला एकदाच केलेल्या या तपासणीने मृत्यू फारसे घटले नाहीत. मुंबईच्या वस्त्यांत मात्र दर दोन वर्षांनी ती केल्यावर मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. एकदा करून विसरण्याची ही गोष्ट नाही. पांढरा डाग म्हणजे कॅन्सर ठरला असंही नाही. पुढे तुकडा तपासावा लागतो, आणि तुकडा काढल्याने रोग पसरतो ही भीती निराधार आहे.

मुलींना एचपीव्हीची लस दिली तरी तिशीनंतर तपासणी सुटत नाही, कारण लस सगळ्या प्रकारच्या विषाणूंना अडवत नाही.

सगळ्यात महागात पडणारा समज वेगळाच: “पिशवी काढून टाकली की कटकट मिटली.” अंडाशय ठेवले असतील तर त्यांच्या कॅन्सरचा धोका उरतोच. पिशवीच्या तोंडात आधीच कॅन्सर असेल आणि तो न ओळखता साधं ऑपरेशन उरकलं, तर पुढचे उपचार अवघड होतात. शेकापेक्षा, म्हणजे रेडिएशनपेक्षा, ऑपरेशन बरं, हेही दरवेळी खरं नाही. टाटा मेमोरियलने ६३३ बायकांवर तुलना करून २०१८ मध्ये दाखवलं की रोग थोडा वाढलेला असेल तर आधी केमो देऊन ऑपरेशन करण्यापेक्षा शेक आणि केमो एकत्र देणं सरस ठरतं. पाच वर्षं रोगमुक्त राहणाऱ्यांचं प्रमाण ६९.३ विरुद्ध ७६.७ टक्के.

पिशवीच्या ऑपरेशनची तारीख घेण्याआधी तिच्या तोंडाची तपासणी झाली का, हे विचारून घ्या. ऑपरेशननंतर काढलेल्या पिशवीचा रिपोर्टही मागून घ्या.