ट्रेलर मागे घेणे

ट्रेलर मागे घेणे म्हणजे सांध्याने जोडलेले मालवाहू वाहन उलट दिशेने चालवून त्याचे मागचे टोक गोदामाच्या किंवा रेल्वेच्या मालधक्क्यास सरळ लावणे होय. एकसंध ट्रक मागे घेताना एकच वाहन वळते. ट्रेलरच्या बाबतीत ओढणारे आणि ओढले जाणारे अशी दोन वाहने एकमेकांशी कोन करीत फिरतात. त्यामुळे ही क्रिया अवजड वाहनचालनातील अवघड कौशल्यांपैकी एक मानली जाते. महाराष्ट्रातील परभणी जिल्ह्यात कापूस, सोयाबीन, अन्नधान्य आणि ऊस यांच्या वाहतुकीमुळे ट्रेलर व ट्रॅक्टर-ट्रॉली हे दोन्ही प्रकार नित्य वापरात आहेत.

रचना

जोडवाहनाच्या पुढील भागात इंजिन व चालककक्ष असतो. वाहतूक व्यवसायात त्याला ‘घोडा’ किंवा ‘हॉर्स’ म्हणतात. त्याच्या मागच्या आसावर (एक्सलवर) ‘फिफ्थ व्हील’ ही खाच असलेली सपाट लोखंडी तबकडी बसवलेली असते. ट्रेलरच्या पुढच्या भागाखालील ‘किंगपिन’ हा जाड खिळा या खाचेत अडकतो आणि त्याभोवती ट्रेलर फिरतो. किंगपिनपासून ट्रेलरच्या मागच्या आसांपर्यंतचे अंतर हे मागे घेण्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे माप आहे.

उलट वळण्याचे तत्त्व

पुढे जाताना ट्रेलर ओढला जातो व आपोआप घोड्याच्या मागे सरळ होतो. मागे जाताना तो ढकलला जातो. अशा वेळी सांध्यातील लहानसा कोनही आपोआप कमी न होता वाढत जातो. चालकाने दुरुस्ती न केल्यास घोडा व ट्रेलर चाकूच्या पात्याप्रमाणे एकमेकांवर मिटतात आणि चालककक्ष ट्रेलरच्या कोपऱ्यावर आदळू शकतो.

ट्रेलरचे मागचे टोक उजवीकडे न्यायचे असल्यास सुकाणू प्रथम डावीकडे फिरवावे लागते. आवश्यक कोन तयार झाल्यावर सुकाणू उजवीकडे आणून घोडा ट्रेलरच्या मागोमाग घेतला जातो.

ट्रेलर जितका आखूड, तितका तो लवकर वळतो. सांध्यात ३० अंशांचा कोन असताना घोडा सरळ मागे गेल्यास, किंगपिन ते आस हे अंतर ८ मीटर असलेला ट्रेलर दर मीटरला सुमारे ३.६ अंश फिरतो. हेच अंतर ४ मीटर असल्यास तो सुमारे ७.२ अंश फिरतो. म्हणून लांब ट्रेलर जागा जास्त व्यापत असला तरी चालकाला चूक सुधारण्यास अवधी देतो. आखूड ट्रॉली मात्र क्षणात आडवी होते.

मागची चाके वळणारा ट्रेलर

अरुंद रस्त्यांवर लांब ट्रेलरची मागची चाके वळणाच्या आतील बाजूस सरकतात. हे टाळण्यासाठी काही ट्रेलरांची मागची चाकेही वळणारी असतात. त्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत.

पहिल्या प्रकारात चाके रस्त्याच्या घर्षणामुळे आपोआप वळतात. उलट दिशेने जाताना ही चाके भलत्याच बाजूला वळू पाहतात व ट्रेलर तिरपा सरकतो. त्यामुळे मागे घेण्यापूर्वी असा आस सरळ स्थितीत कुलूपबंद करावा लागतो.

दुसऱ्या प्रकारात सांध्याचा कोन दांड्यांद्वारे किंवा द्रवदाबाने मागच्या चाकांपर्यंत पोहोचवला जातो व चाके त्या प्रमाणात विरुद्ध बाजूस वळतात. मागे जातानाही ही यंत्रणा कार्य करते. मात्र ट्रेलर अधिक वेगाने वळतो. वरील उदाहरणातील ८ मीटर अंतराच्या ट्रेलरची मागची चाके १५ अंश वळली, तर तो दर मीटरला सुमारे ५.२ अंश फिरतो. म्हणजेच तो साधारण साडेपाच मीटरच्या साध्या ट्रेलरसारखा वागतो. साध्या ट्रेलरचा सराव असलेल्या चालकाचा अंदाज येथे चुकतो. शिवाय ट्रेलरची शेपटी वळणाच्या बाहेरच्या बाजूस झुकत असल्याने शेजारच्या वाहनाशी अंतर राखावे लागते.

युरोपातील शहरांत दुकानांना माल पोहोचविण्यासाठी असे ट्रेलर वापरले जातात. भारतात सर्व चाके वळणारे बहुआसी ट्रेलर मुख्यतः अतिअवजड यंत्रसामग्रीच्या वाहतुकीत आढळतात.

धक्क्यास लावण्याची पद्धत

भारतात चालक उजवीकडे बसतो. त्यामुळे शक्य असल्यास धक्का आपल्या उजव्या हातास येईल अशा बाजूने चालक वाहन आणतो. उजवीकडे मागे वळताना ट्रेलरची आतील बाजू व मागची चाके त्याला खिडकीतून किंवा आरशात दिसत राहतात. डावीकडे वळताना ट्रेलरचे मागचे टोक दृष्टीआड होते.

चालक प्रथम वाहन धक्क्याच्या पुढे नेऊन शक्य तितके सरळ करतो. मागे घेताना वेग पायी चालण्याहूनही कमी ठेवला जातो आणि सुकाणू थोडे-थोडे फिरवले जाते. कोन हाताबाहेर जात असल्यास सुकाणूशी झगडण्यापेक्षा वाहन पुढे घेऊन सरळ करणे व पुन्हा सुरुवात करणे हाच योग्य उपाय मानला जातो. धक्का व हौदा यांच्यात फट राहिल्यास हमालांना ओझ्यासह ती ओलांडावी लागते. कापसाच्या एका गाठीचे प्रमाण वजन १७० किलो असल्याने अशी फट धोकादायक ठरते.

परभणी जिल्ह्यातील स्थिती

परभणी, मानवत, सेलू व जिंतूर येथील बाजारपेठा, जिनिंग-प्रेसिंग कारखाने आणि धान्याची गोदामे येथे मालवाहू वाहनांची ये-जा असते. परभणी व पूर्णा ही जिल्ह्यातील रेल्वे जंक्शने आहेत. कल्याण–निर्मल हा राष्ट्रीय महामार्ग पाथरी, मानवत व परभणी या शहरांवरून जातो. एकसंध ट्रकसाठी आखलेल्या जुन्या आवारांत लांब ट्रेलर वळण्यास पुढील बाजूस पुरेशी जागा मिळत नाही. काळ्या जमिनीचे आवार पक्के नसल्यास पावसाळ्यात चाके रुततात व घसरतात; अशा वेळी सुकाणू फिरवूनही घोडा अपेक्षित दिशेने जात नाही.

ऊस वाहतुकीत एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडण्याची पद्धत आहे. चारचाकी ट्रॉलीचा पुढचा आस फिरत्या तबकडीवर असल्यास प्रत्येक ट्रॉलीमागे दोन सांधे तयार होतात. अशा दोन ट्रॉल्यांचे चार सांधे एकाच वेळी सांभाळून मागे घेणे व्यवहारात जवळपास अशक्य असते. म्हणून साखर कारखान्यांत वाहनांचा मार्ग शक्यतो एकेरी ठेवला जातो: वजनकाटा, गव्हाण व पुन्हा रिकाम्या वाहनाचे वजन. गव्हाणीजवळ ऊस क्रेनच्या साहाय्याने बाजूने उतरवता येत असल्याने ट्रॉली मागे लावण्याची गरज पडत नाही. शेतात किंवा अरुंद रस्त्यावर मागे यावेच लागल्यास मागची ट्रॉली सोडवावी लागते.

सुरक्षितता

ट्रेलरच्या थेट मागची जागा चालकाच्या आरशात दिसत नाही. त्यामुळे क्लीनरच्या इशाऱ्यावर विसंबावे लागते. हाताचे इशारे, शिट्टी, ‘येऊ द्या’ अशी हाक किंवा हौद्याच्या पत्र्यावरील थाप हे प्रचलित संकेत आहेत. मात्र थापेसाठी क्लीनरला वाहनालगत राहावे लागते आणि गोंगाटात हाक ऐकू येत नाही. क्लीनरने धक्का व हौदा यांच्या मधोमध उभे न राहता, चालकाला आरशात सतत दिसेल अशा बाजूला उभे राहणे आवश्यक असते. तो दिसेनासा होताच चालकाने वाहन थांबवावे, हा या कामातील मूलभूत नियम आहे.

हौदा धक्क्याजवळ येत असताना फाळका उघडण्यासाठी मध्ये शिरणे किंवा वाहन पूर्ण थांबण्यापूर्वी चाकाखाली उटी लावणे यामुळे माणूस चिरडला जाण्याचा धोका असतो. हा धोका चालकापेक्षा क्लीनर व हमाल यांना अधिक असतो. महाराष्ट्रात हमाल व इतर श्रमजीवी कामगारांच्या नोकरीचे नियमन व कल्याण यांसाठी १९६९ चा माथाडी कायदा आहे. पक्के व प्रकाशित आवार, जमिनीवर आखलेल्या रेषा, वळण्यास पुरेशी जागा आणि पादचाऱ्यांसाठी वेगळी वाट या उपायांनी चालकाच्या कौशल्यावरील भार कमी होतो. शक्य तेथे एकेरी मार्ग आखल्यास मागे घेण्याची गरजच टळते.