‘प्रीपोन’ म्हणायला लाजू नका

‘चारची मीटिंग तीनला प्रीपोन केलीय.’ मालाडला लिंक रोडवरच्या माइंडस्पेसमध्ये नोकरी करणाऱ्याला या वाक्याचा अर्थ विचारावा लागत नाही. पण कुणीतरी टोकतंच, की ‘प्रीपोन’ असा शब्दच नाही, तो आपल्याकडच्या कारकुनांनी बनवलाय. ऐकणारा ओशाळतो. त्याने ओशाळू नये म्हणून हे लिहितोय.

शब्द जुना आहे. १५४९ साली रॉबर्ट क्रॉली या इंग्रजाने बायबलमधली स्तोत्रं भाषांतरित करताना तो वापरला. तेव्हा अर्थ होता ‘समोर ठेवणे’. आजच्या अर्थाने तो १९१३ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छापून आला. जॉन ट्रेनॉर नावाच्या वाचकाने पत्र पाठवून ‘पोस्टपोन’ला जोडीदार म्हणून तो सुचवला होता, तोही मुख्यतः वकिलांच्या सोयीसाठी. तिकडे तो रुजला नाही, आपल्याकडे रुजला. घडणही सरळ आहे: लॅटिनमध्ये ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे, ‘पोस्ट’ म्हणजे नंतर, ‘प्री’ म्हणजे आधी. ‘पोस्टपोन’ चालतो तर याच्यात खोट कुठली? ऑक्सफर्डच्या कोशांतही तो आहे, भारतीय इंग्रजीतला शब्द म्हणून.

दुसरा समज जास्त घोळ घालतो. ‘प्रीपोन’ऐवजी ‘फॉरवर्ड’ म्हटलं की काम भागतं, असं सांगितलं जातं. इंग्रजीत ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणजे अलीकडे घेणे. मराठी माणूस मात्र तारीख ‘पुढे ढकलली’ म्हणतो तेव्हा ती लांबलेली असते. त्यामुळे ‘फॉरवर्ड’ ऐकल्यावर आपल्या डोक्यात उलटी तारीख येणं अगदी स्वाभाविक आहे. आणि हा गोंधळ फक्त आपलाच नाही. लेरा बोरोडिट्स्की या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी भाषकांनाच विचारलं होतं: बुधवारची मीटिंग दोन दिवस ‘मूव्ह फॉरवर्ड’ केली, तर ती कधी? साधारण निम्मे सोमवार म्हणाले, निम्मे शुक्रवार. ‘प्रीपोन’मध्ये असे दोन अर्थ निघतच नाहीत.

अमेरिकेतल्या क्लायंटला हा शब्द ओळखीचा नसण्याची शक्यता मोठी आहे, हे मात्र खरं. त्याला मेल करताना दोन्ही क्रियापदं बाजूला ठेवा आणि नवा वार, तारीख, वेळ आणि कुणाच्या घड्याळाप्रमाणे, एवढं लिहा. शेजारच्या डेस्कवर बसलेल्याला बिनधास्त ‘प्रीपोन’ म्हणा.